आठ वाजले तरी उमाबाई उठल्या नाहीत

देवळातल्या घड्याळात आठचे ठोके पडले, आणि उमाबाई उठल्या नाहीत.

शेजारी बसलेल्या नर्मदाबाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. देवासमधल्या या राममंदिरात अख्ख्या चातुर्मासात असं कधी घडलं नव्हतं. कीर्तन ऐन रंगात असो, बुवांच्या तोंडून साक्षात द्रौपदी धावा करत असो, आठला उमाबाई पदर सावरून चालू लागायच्या. आरतीआधी कीर्तनातून उठणं म्हणजे भरल्या पानावरून उठणं! नर्मदाबाई रोज टोमणा मारायच्या, "जा बाई, तुझ्या वाटचं पुण्य मीच पदरात घेते."

कारण मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. उमाबाईंची सून उर्वशी. मागल्या खेपेला बाळ सातव्यातच आलं, नि दोन दिवसांत गेलं. या खेपेला गर्भपिशवीचं तोंड आखूड दिसताच बाळ वेळेआधी येऊ नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी प्रोजेस्टेरॉनची गोळी सुरू केली. रोज रात्री आठला ती गोळी खालून आत ठेवायची, मग अर्धा तास पडून राहायचं. तेवढा वेळ पोळ्यांचा तवा सासूच्या हाती.

आणि आज उमाबाई हलत नव्हत्या. डोळ्यांना धार लागली होती.

नर्मदाबाई त्यांच्या कानाशी वाकल्या. "उमा... आठ वाजले गं."

"वाजू दे."

"सूनबाई?"

"आज सदतीस आठवडे भरले, नर्मदाअक्का. गोळी बंद! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता लेकराची मर्जी. यायचं तेव्हा येऊ दे."

नर्मदाबाई ताडकन उठल्या. आरतीआधी, भर कीर्तनात! "बुवा, थांबा! उर्वशीचं बाळ तगलं हो!"

टाळ थबकले. पेटीवरचे गणोजी माळवी ठसक्यात ओरडले, "अरे भिया, जिंकलो ना आपण!" जणू गोळी तेच घेत होते. उमाबाईंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत, कळेना.

इतक्यात दाराशी चपला वाजल्या. कमरेवर हात ठेवून उर्वशी उंबऱ्यापाशी उभी होती.

"चार महिने भिंतीपलीकडून नुसते टाळच ऐकले, आई," ती धापा टाकत म्हणाली. "आज म्हटलं, चलो, देख के आते हैं."

बुवांनी चिपळ्या उंचावल्या.

"सरका हो, जागा करा," ते म्हणाले. "दोघं आलीत."