निरीक्षकाचं पूर्ण नाव

दुधराम बिसेन गुरुजींनी अंगणात बूट झटकले, तर कोकणातली वाळू निघाली. सलग सहाव्या दिवाळीला ते समुद्रकिनारे तुडवून आले होते, फ्रिगेट नावाच्या एका समुद्रपक्ष्यासाठी. यंदाही त्यानं तोंड दाखवलं नव्हतं.

"अवो, हे पाहा बरं." शांतीबाईंनी नवऱ्यापुढे मोबाइल धरला. "काल आपल्या तलावावर होता. वादळी हवा होती ना."

फोटो जरा हललेला होता. पण लांब वाकडे पंख, कात्रीसारखी शेपूट, टोकाशी वळलेली चोच, सगळं जागच्या जागी होतं. फ्रिगेटच! समुद्र कुठे, गोंदिया कुठे, आणि मेला उतरला तो हिच्या तलावावर! चाळीस वर्षांच्या संसारात गुरुजींना बायकोचा एवढा हेवा कधी वाटला नव्हता.

"घार आहे," ते म्हणाले.

"घार?" शांतीबाई हसल्या. "घारीपासून रोज पिल्लं झाकतो मी. घारीचा डोळा अंगणावर राहते. यानं इकडं पाह्यलंबी नाई. अर्धा घंटा पाण्यावरच फिरून राहिला होता."

"आता आहे?"

"कायचा? सकाळीच जाऊन आलो मी. गेला."

गुरुजी मटकन बाजेवर बसले.

"मंग तुमी तिकडं आठ दिवस काय पाहून राहिले होते?"

गुरुजींनी बुटातली उरलेली वाळू झटकली.

गुरुजींचा मोबाइल वाजला. शेजारच्या खुमेंद्रनं शांतीबाईंकडून घेऊन तो फोटो पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकला होता. 'गुरुजी, कोणता पक्षी? तुम्ही सांगाल तो.' जिल्ह्यात पक्ष्यांच्या बाबतीत गुरुजींचा शब्द शेवटचा. एकदा 'घार' लिहिलं की विषय संपला. त्यांचा अंगठा 'घ'वर गेलासुद्धा.

तेवढ्यात अंगणावरून एक सावली सरकली. शांतीबाईंनी मान वर केली नाही. चालता चालता टोपली उचलली आणि पिल्लांवर पालथी घातली. गुरुजींनी वर पाहिलं. घारच होती.

त्यांनी 'घ' खोडला. 'फ्रिगेट. पक्कं,' असं लिहिलं आणि नोंदीचा फॉर्म उघडला. पक्षी, ठिकाण, तारीख भरून झाली. मग आला रकाना, 'निरीक्षकाचं पूर्ण नाव'. सहा वर्षं याच रकान्यासाठी पायपीट केली होती. दात आवळून त्यांनी लिहिलं: शांतीबाई बिसेन.

शांतीबाई मागून वाकून वाचत होत्या.

"पूर्ण नाव मांगून राहिले ना ते? मंग मधात तुमचं टाका."