हे खरे नाही

"बोरसळच्या नदीवर पूल नसल्याने गावकऱ्यांना तराफ्यावरून जावे लागते, हे खरे आहे काय?" नव्या आमदाराने विधानसभेत विचारलं.

प्रश्न मंत्रिमहोदयांच्या चांगलाच ओळखीचा होता. गाव त्यांचंच, आणि विरोधी बाकावर असताना हाच प्रश्न विचारून ते तीनदा निवडून आले होते. आता बांधकाम खातंच हाती आल्यावर पूल हवाय कशाला? अधिकाऱ्यांनी टाइप करून दिलेलं उत्तर त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "हे खरे नाही."

त्यांचं कामकाज बघायला थोरली आक्का गावाहून मुद्दाम आली होती. संध्याकाळी बंगल्यावर तिने डबा उघडला. आत लाडवांचा लगदा.

"नदीत तराफा कलंडला, बाबा. डब्यात पाणी शिरलं," आक्का म्हणाली. "पण तुझं उत्तर मी गॅलरीत बसून ऐकलंय. कोरडेच आहेत. खा."