न लागणारं अक्षर

रेशनकार्डावर नाव चढवायचा अर्ज घेऊन जमीला हिर्डोशीहून भोरच्या कचेरीत तीनदा आली. तिन्ही वेळा साहेबांनी तो टेबलावरून परत सरकवला. "अक्षर लागत नाही, बाई. नीट लिहून आणा." अर्ज तिच्या मुलाच्या, मतीनच्या हातचा होता.

चार वर्षांनी, २००३ साली, त्याच कचेरीची वेबसाइट करायचं काम मतीनच्या कॉम्प्युटर क्लासकडे आलं. साहेब तेच होते. पहिल्या पानावर त्यांना स्वतःचा फोटो आणि खाली मराठीत आपली कामगिरी हवी होती, कारण बढती ठरवणारे वरिष्ठ पुण्यात बसून ती वाचणार होते. तेव्हा मराठी फाँट ज्या कॉम्प्युटरवर टाकलेला असेल, तिथंच मराठी वाचता यायचं. मतीनने तो साहेबांच्या कॉम्प्युटरवर टाकला, फक्त त्याच एकावर, आणि पान उघडून दाखवलं. साहेब दोनदा वाचून खूश झाले.

सोमवारी पुण्यात ते पान उघडलं. फोटो झकास होता, खाली मात्र नुसत्या वेड्यावाकड्या खुणा. मतीनला तातडीचं बोलावणं आलं.

"अरे, वरचे विचारतायत, हे लिहिलंय काय? एक शब्द वाचता येत नाहीये."

मतीनने शांतपणे खुर्ची ओढली.



"आमच्या घरचं अक्षरच तसलं, साहेब. लागत न्हाई."