पंख्याचा वॉशर

त्या जुन्या विमानाची थरथर म्हातारा मेकॅनिक तीस वर्षं नुसत्या हाताने ओळखत आला होता. या खेपेला मालकाने थरथर मोजणारी यंत्रवाली पोरगी बोलावली, आणि म्हाताऱ्याच्या पोटात दुखलं. तोल साधायला पंख्याच्या बोल्टखाली त्यानेच बसवलेला वॉशर त्याने ती यायच्या आत काढून खिशात टाकला. बघू, यंत्र काय दिवे लावतं.

इंजिन चालू करताच विमान थडथडलं. यंत्रावरचे आकडे बघून पोरगी नेमकी त्याच बोल्टपाशी गेली. तिथे वॉशरचा गोल, ताजा वण होता. म्हाताऱ्याचा हात आपसूक खिशावर गेला.

मालक जवळ येत होता. ती हळूच म्हणाली, "काका, द्या तो वॉशर. जागा तुम्हीच दाखवलीत असं मालकांना सांगते."

वॉशर देताना त्याच्या पोटात आणखीच दुखलं. यंत्र काय, कुणीही विकत आणेल. हे असं मन कुठून आणायचं?