उतरती रेघ

मालकांनी दार स्वतःच उघडलं आणि प्राध्यापकांना पाहून ते पटकन बाजूला झाले.

"या, या. आज इकडे कशी वाट चुकलात?"

खोलीत दोनच खुर्च्या. खिडकीत शर्ट वाळत होता. मालकांनी तो घाईनं ओढून घेतला नि हसले. "बघा, जन्मभर बटणं केली आणि शर्टाला दोन बटणं नाहीत."

प्राध्यापकांना हसू आलं नाही. त्यांनी सरळच विचारलं, "तुमचा कारखाना वाचला असता का?"

"हे तुम्ही मला विचारता? लिहिलं होतं ते तुम्हीच ना!"

लिहिलं होतं खरं. छोट्या कारखान्यांवरचा तो त्यांचा पहिलाच अभ्यास. त्यात आलेखावर या बटणांच्या कारखान्याच्या खपाची एक रेघ होती, उतरत उतरत तळाला गेलेली. हा कारखाना फार दिवस तग धरणार नाही, असं त्यांनी खाली लिहिलं आणि झालंही तसंच. अर्थशास्त्र म्हणजे पोपटवाल्याचं भविष्य, असं म्हणून नाकं मुरडणारे तेव्हा गप्प बसले. त्या एका रेघेवर प्राध्यापकांची नोकरी उभी राहिली, नाव उभं राहिलं. अजूनही ती वर्गावर्गात फळ्यावर काढली जाते.

त्यांचा थोरला भाऊ त्याच कारखान्यात पॉलिशच्या यंत्रावर होता. कारखाना बंद झाला, तसा दादा लांब खडीच्या कामावर गेला. गेला तो ताठ, आला तो वाकून. छातीत धूळ भरलेली. गेल्या थंडीत ती छाती थांबली.

तेव्हापासून वहिनींच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. कधीही जा, त्यांचं एकच.

"भावजी, टळलं असतं का हो?"

"नाही वहिनी. मी लिहिलंच होतं तसं."

"तुमचं लिहिलेलं मला कुठे वाचता येतंय? मालकांना विचारून या. त्यांच्या तोंडचं सांगा, मग मी पुन्हा नाही विचारणार."

म्हणून ते आले होते.

मालकांनी चहा पुढे केला. "खरं सांगू का? मी राहायचो इथे, कारखाना तिकडे. मुकादम सांगायचा, साहेब, सगळं झकास चाललंय. मग तुमचा अहवाल आला. बँकेनंही वाचला, नव्या कर्जाला हात आखडला. मुकादम म्हणाला, हे साफ खोटं आहे. मी म्हटलं, अरे, शिकलेला तू की ते? त्याच दिवशी त्याला घरी बसवला. यंत्रं विकून टाकली. बुडायच्या आत उतरलो. उपकारच झाले तुमचे."

प्राध्यापकांचा कप ओठांपाशीच राहिला.

"म्हणजे, माझं वाचून बंद केलात?"

"मग? भरवसा ठेवला तुमच्यावर."

"आणि मुकादम खरं बोलत असला तर?"

"असं कसं? तुमच्याकडे माहिती होती ना?"

होती. मुकादमानं त्यांना फाटकातूनच हाकललं होतं, पण त्यांचं अडलं नव्हतं. त्या वर्षी ते काविळीनं भाड्याच्या खोलीत पडून होते. लग्न नाही, जवळ कुणी नाही. दुपारी जिना वाजायचा. दादा यायचा, उशी सरळ करायचा, कपाळावर हात ठेवायचा. "काय पंडित, आज तरी उठून बसणार का? मी रिकामाच आहे. मालाला उठावच नाही बघ." आधी आठवड्यातून एखादी दुपार यायचा, मग एक दिवसाआड, मग रोज. पंडित पडल्या पडल्या विचारायचा, दादा सांगायचा, आणि कागदावरची रेघ आणखी थोडी खाली यायची. आतल्या माणसाची साक्ष होती ती, वर सख्ख्या भावाची. याहून भरवशाचं दुसरं काय असणार?

"होती," प्राध्यापक म्हणाले. "अगदी आतल्या माणसाकडून."

"मग झालं तर!"

रस्त्यावर आल्यावर त्यांनी मनाशी तेच घोळवलं. आपल्या लिहिण्यानं शेवट जवळ आला असेल, पण घसरण तर आपण आणली नव्हती. माल पडूनच होता. आज ना उद्या हे व्हायचंच होतं. असं म्हणत म्हणत त्यांचं पाऊल जरा हलकं पडू लागलं.

वहिनी शिवणयंत्रावर पिशव्या शिवत होत्या. प्राध्यापकांना पाहताच त्यांनी चाकावर हात ठेवला. चाक थांबलं.

"नसतं टळलं, वहिनी," प्राध्यापक म्हणाले. "मालकांनीही तेच सांगितलं. मालाला उठावच नव्हता."

वहिनी पदरात तोंड लपवून रडल्या, आणि रडता रडताच त्यांना हसू फुटलं.

"म्हणजे ह्यांच्या रजांमुळे नाही ना झालं? हे जागेवर नसले की यंत्र अडायचं, मुकादम नुसता आगपाखड करायचा. तेच माझ्या जिवाला खात होतं बघा. आमच्यामुळे तर बंद नाही ना पडला?"

"कसल्या रजा?"

"आता सांगायला काय हरकत आहे?" वहिनींनी डोळे पुसले. "तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. तुमची कावीळ चढत गेली, तशा ह्यांच्या रजा वाढत गेल्या. दुपारी तुमच्याकडे यायचे आणि बुडालेलं काम रात्रपाळीत भरून काढायचे. मी म्हणायची, अहो, भावजींना खरं सांगा की. तर म्हणायचे, कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नाही असं कळलं, तर पंडित मला उंबरठ्यावरूनच परत पाठवेल."