आंब्याची फळी

फळी अर्ध्यावर अडली. गेनबा सुताराने ती बाहेर ओढली, कडेवरून बोट फिरवलं आणि पटाशीने खाचेचा एक पापुद्रा उतरवला. मागे यज्ञेश्वरपंत उभे होते. सरदार आप्पासाहेबांच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याचे ते कारभारी.

"चालू दे सावकाश," पंत म्हणाले. "कैद्याला कुठे जायची घाई नाही."

गेनबा हसला नाही. वळचणीबाहेर श्रावणाची झड लागलेली, आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

आत कोठीत कैदी भिंतीकडे तोंड करून बसला होता. रायाजी त्याचं नाव. आप्पासाहेबांच्या पागेतला स्वार. मोहिमेत एका गावाच्या गंजी पेटवायचा हुकूम झाला, तेव्हा त्याने हातातला पलिता विहिरीत टाकून दिला होता. त्याचं घरदार जप्त करायचं आप्पासाहेबांच्या फार मनात होतं, पण गावाचं नि बापाचं नाव विचारलं की तो तोंडच उघडत नसे. दसऱ्याला पेशव्यांची फौज निघायची होती. त्याआधी साऱ्या पागेसमोर त्याला तोफेच्या तोंडी द्यायचं ठरलं होतं.

तोवर कोठीचा मोठा झरोका बंद करायला हवा होता. खिळे वापरायचे नाहीत, असा आप्पासाहेबांचा सक्त हुकूम होता. उपटलेला खिळा म्हणजे कैद्याच्या हातातलं हत्यार. म्हणून दोन बाजूंना सागाचे खांब, खांबांना आडव्या खाचा आणि त्या खाचांत बाहेरून ठोकून बसवलेल्या फळ्या, मांडणीच्या फळ्यांसारख्या, मध्ये हवेपुरती फट ठेवून. वाड्याचा नेहमीचा सुतार फौजेच्या कामावर गेला होता. कात्रजचा गेनबा आपणहून काम विचारत आला, तेव्हा पंतांना बरंच वाटलं. लाकूड मात्र कोठारात पडलेलंच वापरायचं, असं त्यांनी बजावलं.

कोठारात निघाली थोडी शिसव, थोडी बाभूळ आणि परसातल्या, नुकत्याच पाडलेल्या आंब्याच्या दोन फळ्या.

गेनबाने एकेका लाकडाची खाच वेगळी कापली. शिसव टणक, खाच केसभर अरुंद झाली तरी फळी जात नाही, आणि जोर केला तर खांबच चिरतो. बाभळीच्या फळ्यांच्या कडा रंध्याने पुन्हा पुन्हा साफ कराव्या लागल्या. आंबा मऊ. तो दाबून बसतो, पण हवेबरोबर अंग बदलतो. त्या दोन फळ्यांपाशी गेनबा सगळ्यात जास्त थांबला. बसवायची, काढायची, खाचेत बोट घालून पाहायचं, पुन्हा बसवायची. एकदा तर पटाशी खाली ठेवून तो नुसताच बसून राहिला. कैद्याने मान वळवली नाही. गेनबानेही तिकडे पाहिलं नाही.

काम संपल्यावर आप्पासाहेब स्वतः बघायला आले.

"आंबा ओला हाय, धनी," गेनबा म्हणाला. "कोठारात दुसरं लाकूड न्हाई."

"आंबा मी दिलाय," पंत म्हणाले. "तू बसवायचं तेवढं बघ."

आप्पासाहेबांनी दोन पहारेकऱ्यांना आत पाठवलं. त्यांनी खांदे लावले, मग लाथा घातल्या. एकही फळी हलली नाही. दसऱ्यापर्यंत टिकेल ना, असं आप्पासाहेबांनी विचारलं.

"माझ्याकडनं कसूर न्हाई क्येली, धनी," गेनबा खाली बघत म्हणाला.

कात्रजला परतल्यावरही त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. भाद्रपद आला तरी पाऊस सरेना. सकाळी उठला की तो अंगणात येऊन आभाळ बघायचा. बायको सोजरबाई समजूत घालायची, की हात चांगला आहे तुमचा, कशाला जिवाला लावून घेता.

"हात चांगला असून काय?" तो म्हणायचा. "लाकूड काय कुणाचं ऐकतंय व्हय? खाच केसभर चुकली असली, तर सगळं संपलं."

फळ्या जास्त फुगल्या तर काय होईल, असं तिने एकदा विचारलं. काहीतरी निमित्त काढून तो अधूनमधून पुण्याला जायचा, वाड्यामागच्या बोळातून एक चक्कर मारायचा आणि तसाच परत यायचा.

आश्विन लागला आणि कडक ऊन पडलं. अंगणातल्या फळकुटांना भेगा गेल्या. आता तर गेनबाचं जेवणच तुटलं. सोजरबाईने नवरात्रात उपास धरले, आणि देवीपुढे ती बराच वेळ हात जोडून बसू लागली.

दसरा तोंडावर आला असताना वाड्यावरचे दोन स्वार दारात उभे राहिले. चल म्हणाले. कशाला ते सांगेनात. सोजरबाईने दाराची चौकट धरली.

झरोक्याखाली आंब्याच्या दोन्ही फळ्या मातीत पडल्या होत्या. कोठी रिकामी होती. गेनबाने एक फळी उचलली आणि त्याचे डोळे वाहू लागले.

"रडतोस काय?" आप्पासाहेब म्हणाले. "बोल."

गेनबाने डोळे पुसले. ओलं लाकूड सुकलं की पातळ होतं आणि खाचेत खुळखुळतं, एवढंच तो कसंबसं बोलला. आंबा ओला असल्याचं त्याने तेव्हाच सांगितलं होतं, ते पहारेकऱ्यांनीही ऐकलं होतं. आप्पासाहेबांनी पंतांकडे पाहिलं. पंत जमिनीकडे पाहत राहिले.

"पण तो घोड्यावरचा माणूस," आप्पासाहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "कुठली फळी ढकलायची, हे त्याला काय ठाऊक?"

गेनबाच्या पाठीवर त्यांनी दोन कोरडे ओढायला लावले आणि पुन्हा पेठेत दिसू नकोस म्हणून हाकलून दिलं.

पाठ ठणकत होती, तरी तो वाटेत कुठे थांबला नाही. ऊन कलताना घरी पोचला. सोजरबाईने त्याला आत घेतलं, बाहेर दोन्हीकडे पाहून दार लावलं, कडी घातली आणि माळ्याकडे तोंड करून हळूच हाक मारली.

"राया, उतर खाली. बा आलाय तुझा."