पक्की झाकणं

धाकट्या जावेचा तिखट सॉस घरात चाटूनपुसून संपायचा, हे थोरलीच्या डोळ्यांत खुपायचं. यंदा दोघींच्या सॉसच्या बरण्या, झाकणं हवाबंद बसावीत म्हणून, उकळत्या पाण्यात एकत्रच ठेवल्या होत्या. धाकटीची पाठ वळताच थोरलीने तिच्या बरण्या घाईने बाहेर काढल्या. झाकणं घट्ट बसायची नाहीत, सॉस नासेल, म्हणजे जिरेल एकदाची!

बरण्या गार झाल्यावर सासूबाईंनी एकेक झाकण बोटाने दाबून पाहिलं. "धाकटीची झाकणं बसलीच नाहीत. हा टिकायचा नाही, आजपासूनच खायला काढा."

जेवताना सगळे बोटं चाटत होते. थोरलीच्या नवऱ्याने तर वाटी पावाने पुसून घेतली.

थोरलीला राहवेना. "माझी एक बरणी उघडू?"

"छे गं!" सासूबाई म्हणाल्या. "तुझी झाकणं कशी पक्की बसलीत. वर्षभर कुणी हात लावायला नको."